मदत हवी आहे: धडधड निरुपद्रवी आहे, पण भीती जात नाही

ईसीजी, इको, २४ तास ठोके नोंदवणारं होल्टर, थायरॉईड, सगळं नॉर्मल. निदान एक्टोपिक बीट्सचं: एखादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा थांबून पुढचा जोरात बसतो. डोक्याला हे पटलंय. पण रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत धस्स होतं आणि बोटं आपोआप नाडीवर जातात. मोजत बसलं की धडधड आणखी वाढते, हा वेगळाच ताप!

दमा असल्यामुळे प्रोप्रानोलॉल (धडधड कमी करणारं औषध) बाद झालं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम, म्हणजे चिंतेवरचं औषध, सुचवलंय. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते, हे ऐकल्यापासून चिठ्ठी तशीच पडून आहे.

कुणी घेतलंय का? पहिले आठवडे कसे काढलेत? की आधी सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) करून बघू? 'टेन्शन घेऊ नकोस' सोडून काहीही सांगा.