पिछाडीवर असताना थ्री मारत सुटणं: बाजारात हा डाव चालतो का?

सातरस्ता
एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) नेमाने पाहणाऱ्या आणि स्वतःचे पैसे स्वतः शेअरमध्ये गुंतवणाऱ्या मंडळींना विचारतोय. संघ मागे पडला आणि वेळ थोडा उरला की कोच थ्री पॉइंटर (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) वाढवतो, मुद्दाम फाऊल करून घड्याळ थांबवतो. म्हणजे जोखीम वाढवतो, आणि ते बरोबरच असतं. मग पोर्टफोलिओ २२ टक्के तोट्यात असेल तर हाच डाव इथे का खेळू नये?

स्थिती अशी: ५ लाखांचे ३ लाख ९० हजार झालेत. २३ शेअर, सगळ्यांत साधारण सारखीच रक्कम. १५ टक्के नफा दिसला की विकायचं आणि तोट्यातलं 'भाव येईल' म्हणून धरून ठेवायचं, अशी आजवरची पद्धत. त्यांतले दोन आमच्या सोलापूरच्याच कंपन्यांचे आहेत. सगळं विकून तीन-चार जोरात चाललेल्या स्मॉलकॅपमध्ये (छोट्या कंपन्यांच्या शेअरमध्ये) वळवायचा विचार आहे, स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर) लावून. आकड्यांसह सांगा.

सिद्धेश्वर_तळं
नका करू. सामना १० गुणांनी हरा नाहीतर ३० गुणांनी, गुणतक्त्यात हार एकच लागते आणि पुढचा सामना ०-० पासून सुरू होतो. म्हणून दोन मिनिटं उरली असताना ८ गुणांनी मागे असलेल्या संघाला गमावण्यासारखं काही नसतं. पैशाचं तसं नाही. उद्याचा खेळ आजच्या स्कोअरवरूनच सुरू होणार. २२ टक्के पडलेलं भरून यायला २८ टक्के वाढ लागते. ५० टक्के पडलं तर १०० टक्के, ७० पडलं तर २३३ टक्के. प्रत्येक घसरणीबरोबर पुढचा चढ आणखी उभा होतो.

दुसरं, तुमच्यावर शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या सेकंदांत शॉट मारायची सक्ती, नाही. एनबीएने २४ सेकंदांचा नियम १९५४ मध्ये आणला, कारण त्याआधी आघाडी मिळाली की संघ चेंडू दाबून बसायचे. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिआपोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं होतं, अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण! बाजारात चेंडू हातात ठेवायला आजही पूर्ण मुभा आहे. पैसे लिक्विड फंडात (हवे तेव्हा काढता येणाऱ्या कमी जोखमीच्या म्युच्युअल फंडात) ठेवून सहा महिने काहीच विकत घेतलं नाही तर कोणी शिट्टी वाजवत नाही. खेळाडूला घड्याळ संपत आलं म्हणून वाईट शॉट मारावा लागतो, तुम्हाला ती सक्तीच नाही. ही एवढी मोठी सवलत सोडू नका.

आणि भरपाईसाठी कोणी ऑप्शन (शेअरच्या पुढच्या भावावरचे करार) सुचवले तर शेअर बाजाराची नियामक सेबी हिचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल आठवा: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्यूचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला.

चाळ_क्रमांक_४
वरच्याशी सहमत. पण बास्केटबॉलमधून खरोखर घेण्यासारखी गोष्ट म्हणजे शॉटची निवड, तिचं गणित मांडतो.

३६ टक्के अचूकतेचा थ्री म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला १.०८ गुण. सोळा फुटांवरून ४२ टक्के अचूकतेने मारलेला दोन गुणांचा शॉट म्हणजे ०.८४. दुसरा शॉट जास्त वेळा जाळीत जातो, तरी १०० प्रयत्नांमागे २४ गुण कमी देतो. तुमचं '१५ टक्के आले की विक' हे याच सोळा फुटांच्या शॉटसारखं आहे. बरोबर ठरण्याचं प्रमाण छान दिसतं, पण एका ४० टक्के तोट्यात तसे अडीचहून जास्त नफे वाहून जातात.

शेअर घेण्याआधी कागदावर तीन शक्यता लिहा. समजा तीन वर्षांत: ३० टक्के शक्यता +१२० टक्के परताव्याची, ४० टक्के शक्यता +२५ ची, ३० टक्के शक्यता −५० ची. बेरीज ३६ + १० − १५ = ३१ टक्के, म्हणजे वर्षाला साधारण ९.४. सात टक्क्यांची एफडी तीन वर्षांत साडेबावीस टक्के देते. मग वरच्या साडेआठ टक्क्यांसाठी पैसे निम्मे होण्याचा ३० टक्के धोका पत्करायचा का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.

आता दुसरी बाजू. २०१७-१८ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सनी हेच गणित टोकाला नेलं, ६५ सामने जिंकले आणि वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ४४ पैकी ७ थ्री मारले. त्यातले २७ तर सलग हुकले. मध्यंतराला ११ गुणांनी पुढे असूनही वॉरियर्सकडून हरले. ख्रिस पॉल दुखापतीमुळे बाहेर होता, पाय थकलेले होते, ही कारणं आहेतच. पण योग्य शॉटही एका रात्री सलग हुकू शकतात, हे त्यात आकड्यानिशी दिसतं. म्हणून सगळं भांडवल तीन-चार शेअरमध्ये नको. निवड अचूक असली तरी नको.

होटगी_रोड
चाळ_क्रमांक_४, तुमच्या तक्त्यात एक दुरुस्ती. खेळाडूचे ३६ टक्के शेकडो शॉट मोजून आलेले असतात, शेअरपुढचे ३०-४०-३० हे अंदाज आहेत. आपण घेऊ पाहतोय त्या शेअरची चांगली शक्यता हात सैल सोडून लिहिली जाते. वाईट बाजूला दहा टक्के जास्त टाका, तेवढे चांगल्यातून काढा आणि मग बेरीज करा. वरच्या उदाहरणात ती ३१ वरून १४ वर येते, एफडीच्याही खाली.

सातरस्ता, आता तुमचे २३ शेअर. कोचकडे वाटायला २४० मिनिटं असतात, ४८ गुणिले ५. तो ती आठ-दहा जणांत वाटतो, पहिल्या पाचांना तीस-पस्तीस. सगळ्यांना सारखी मिनिटं देणारा कोच तुम्ही पाहिला नसेल. तुमच्याकडे प्रत्येक शेअर सव्वाचार टक्के आहे. एखादा दुप्पट झाला तरी एकूण रकमेत सव्वाचार टक्केच भर, आणि २३ कंपन्यांचे तिमाही निकाल नीट वाचणं नोकरी सांभाळून जमत नाही. आठ-दहा ठेवा, एकात जास्तीत जास्त १० टक्के, उरलेलं निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या कंपन्या एकत्र घेणारा फंड).

सोलापूरच्या कंपन्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे ही चूक फार होते. बालाजी अमाइन्स असो की प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, गावची कंपनी म्हणून अभिमान हवाच. पण एमआयडीसीतून भरलेले टँकर जाताना दिसतात म्हणून शेअर घेणं म्हणजे सराव बघून स्कोअर सांगणं. अमाइन्सचा (अमाइन ही रसायनं) नफा ठरतो मेथॅनॉल-अमोनियाचा खर्च आणि तयार मालाचा भाव यांच्यातल्या फरकावर. टँकर तेवढेच जातील आणि नफा निम्मा होईल, असं घडू शकतं. कॅमशाफ्ट लागतो तो इंजिनाला, विजेवरच्या गाडीत तो नसतोच. त्यामुळे वार्षिक अहवालात त्या कंपनीचा बाकीचा व्यवसाय किती, हे पाहावं लागतं. शिवाय पगार इथला, घर इथलं आणि शेअरही इथलेच, म्हणजे एकाच गावावर तिहेरी भार. या दोन्हींत मिळून १० टक्क्यांच्या आत राहा.

सातरस्ता
पटलं, स्मॉलकॅपचा बेत रद्द. पण स्टॉपलॉस असताना तोटा मर्यादित राहणार नाही का? आणि २३ मधून आधी काय विकू?

सिद्धेश्वर_तळं
स्टॉपलॉसवर एवढी भिस्त नको. ट्रिगर (या भावाला ऑर्डर जागी होते) ४८०, लिमिट (याखाली विकायचं नाही) ४७८ लावलंय आणि सकाळी शेअर ४५५ लाच उघडला, तर ऑर्डर जागी होते पण विक्री होत नाही, कारण ४७८ ला घेणारा कोणी नसतो. ५ टक्के सर्किटच्या (दिवसात भाव यापेक्षा जास्त हलू न देणारी मर्यादा) शेअरमध्ये सलग तीन लोअर सर्किट लागली की १४ टक्के जातात आणि मधे बाहेर पडायला दारच नसतं. खरी मर्यादा शेअरची संख्या ठरवतानाच घालावी लागते.

हिशेब असा: ३,९०,००० च्या दीड टक्का म्हणजे ५,८५० रुपये एका चुकीपोटी जाऊ द्यायचे. खरेदी ५०० ला, ४२५ ला आपली चूक मान्य, फरक ७५. ५,८५० भागिले ७५ = ७८ शेअर, म्हणजे ३९,०००. बरोबर १० टक्के. गॅप पडून (भाव एकदम खाली उघडून) ३५० ला निघावं लागलं तरी ११,७०० जातील, एकूण भांडवलाचे ३ टक्के.

विकताना खरेदीचा भाव झाकून ठेवा आणि प्रत्येक शेअरला एकच प्रश्न विचारा: आज हातात रोख असती तर आजच्या भावाला हा घेतला असता का? नाही आलं तर विका. निर्णय बाजार बंद झाल्यावर, ऑर्डर दुसऱ्या दिवशी. कोच टाइमआऊट घेतो तो प्रतिस्पर्ध्याने सलग आठ-दहा गुण केले की, खेळाडूंनी घाईत पुढचा शॉट फेकू नये म्हणून. तुमचा टाइमआऊट म्हणजे ही एक रात्र.

चाळ_क्रमांक_४
कराचं राहिलं. १२ महिन्यांच्या आत विकलेल्या नफ्यावर २० टक्के. त्यानंतर साडेबारा, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफा माफ. १५ टक्क्यांना घाईने विकताना तुम्ही दर वेळी वरचा दर भरत होता. शिवाय ५०,००० च्या एका खरेदी-विक्रीत एसटीटीच (शेअर व्यवहारावरचा कर) १०० रुपये, मुद्रांक शुल्क आणि डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क) वेगळे.

अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा मात्र फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. म्हणून टाकायच्या यादीतल्या ज्या तोट्याच्या शेअरना १० किंवा ११ महिने झालेत ते आधी विका. बाराव्या महिन्यापलीकडे गेले की तोच तोटा कमी कामाचा होतो. उरलेला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेलं हवं.