मदत हवी आहे: बाबांचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय, कोविड झाला तर गोळ्यांचं काय करायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. बाबांचं लिव्हर ट्रान्सप्लांट 2019 मध्ये झालं, माझ्या लहान भावाने लिव्हरचा भाग दिला. तब्येत चांगली आहे. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट या गोळ्या सुरू आहेत. आता घरात चुलत बहिणीचं लग्न आहे, पाहुणे आमच्याकडेच उतरणार, आणि शेजारच्या दोघांचा कोविड रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. सगळे म्हणतात, आता ती साधी सर्दीच राहिली. त्यांच्यासाठी असेलही.

एप्रिल 2021 मध्ये नागपुरात बेडसाठी लोक वणवण फिरत होते, तेव्हा आम्ही बाबांना वरच्या खोलीतून खाली उतरू दिलं नाही. जानेवारी 2022 मध्ये मात्र झालाच. ताप लवकर उतरला, पण जुलाबांनी छळलं. जुलाब लागले की टॅक्रोलिमस रक्तात वाढतं, हे तेव्हा कळलं. बाबांचा हात इतका थरथरायचा की चहाचा कप बशीवर टेकवताना खडखड वाजायचा. रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल खूप वर गेली होती, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही चढलं होतं. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमसचा डोस कमी केला, मायकोफिनोलेट काही दिवस थांबवलं, सलाईन लावलं, तेव्हा कुठे सावरले.

आता जवळच्या एका डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, कोविड झाला की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सगळ्या गोळ्या सरळ बंद करा. आईने तेव्हापासून धसका घेतलाय. बंद केल्या आणि रिजेक्शन झालं, म्हणजे शरीराने लिव्हर नाकारलं तर? भावाने पोट कापून दिलेलं लिव्हर आहे ते. रात्री-बेरात्री ट्रान्सप्लांट सेंटरचा फोन लागला नाही, तर तोवर तुम्ही काय करता? आणि कोविडवरचं पॅक्सलोविड कोणी घेतलंय का?

दुसरं म्हणजे गुळवेल. आत्या दरवेळी काढा करून आणते, अगदी प्रेमाने. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. तो वाद बाजूला ठेवला तरी, गुळवेल घेतात ती प्रतिकारशक्ती वाढवायला, आणि बाबांच्या गोळ्या तीच तर दाबून ठेवतात! आत्याला न दुखावता कसं सांगू?

प्रतिसाद

ताई, माझ्या मिसेसचं ट्रान्सप्लांट झालंय. आधी हे ऐका, आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. मायकोफिनोलेट काही दिवस कमी करतात, पण ते ट्रान्सप्लांटचे डॉक्टर ठरवतात. फोन लागेपर्यंत नेहमीचा डोस नेहमीच्या वेळेला द्या. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा दम लागला, तर फोनची वाट न बघता दवाखान्यात न्या.

पॅक्सलोविड ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्यातलं रिटोनाविर टॅक्रोलिमसचा निचरा करणारं एन्झाइमच अडवतं. लेव्हल कित्येक पट चढते आणि किडनीवर येतं. आमच्याकडे रेमडेसिविर दिलं, तीन दिवस शिरेतून. खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तरी आधी विचारा, त्यानेही लेव्हल वाढते.

आजच एक कागद करून ठेवा. गोळ्या, डोस, शेवटची लेव्हल, क्रिएटिनिन, आणि सेंटरचे एकाऐवजी दोन नंबर. त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या. परका डॉक्टर असला तरी तो कागद बघून थांबतो, हा आमचा अनुभव आहे. लशीचंही विचारून घ्या. मायकोफिनोलेट घेणाऱ्यांच्या अंगात लशीने अँटीबॉडी कमी तयार होतात, म्हणून बाबांचा डोस कधी घ्यायचा ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आत्याबाईंसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच ‘काढा नको’ लिहून आणा. तुमच्या तोंडून आलं तर मनाला लागेल, डॉक्टरांचं ऐकतील.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं, ती आत्ता कागद घेऊनच बसलीये. उद्या रामदासपेठेत लेव्हलचं रक्त द्यायला जायचंच आहे, सकाळचा डोस घ्यायच्या आधी. तिथेच काढ्याचं लिहून मागते.

एकच राहिलं. लग्न लॉनवर आहे, संध्याकाळचं, पण जेवणाचा हॉल बंद, एसीचा. बाबांना मंगलाष्टकांना उभं राहायचंच आहे आणि त्यांना नाही म्हणवत नाही. एन-95 लावून तेवढ्यापुरतं नेऊन, जेवणाआधी घरी आणायचा विचार आहे. कोणी असं नेलं असेल तर कसं जमवलं ते सांगाल का?