कच्च्या ऑलिव्हचा कडवटपणा घरच्या घरी कसा काढावा?

गंगापूररोडकर: नमस्कार. माझ्या भाच्याने बिकानेरकडील एका शेतातून सुमारे तीन किलो ताजी ऑलिव्ह फळे आणून दिली आहेत. बहुतेक हिरवी आणि टणक आहेत, मूठभर जांभळट-काळी झाली आहेत. बाटलीतील ऑलिव्ह आमच्या घरी आवडीने खाल्ले जातात, म्हणून एक फळ तसेच चावून पाहिले, तर त्याचा कडवटपणा कारल्याच्या वरताण निघाला आणि चूळ भरूनही जिभेवरून गेला नाही. शेजारच्या काकू सरळ मोहरी-हळद लावून लोणचे घालायला सांगतात, तर एका व्हिडिओत कॉस्टिक सोडा वापरला आहे, जो खाण्याच्या वस्तूला लावण्याचा मला धीर होत नाही. सोडा टाळून हे काम नाशिकच्या हवेत घरी होईल का, आणि किती काळ लागेल?

दादरा_बांधा: नक्की होईल, मात्र काकूंच्या पद्धतीने नाही. तुम्हाला लागलेला कडवटपणा मुख्यतः ओल्युरोपीन नावाच्या द्रव्याचा आहे. ते मसाल्याने झाकले जात नाही, फळातून बाहेरच काढावे लागते. सुदैवाने ते पाण्यात उतरते, त्यामुळे पाणी, मीठ आणि वेळ एवढ्यावर काम भागते.

लवकर खायची असतील तेवढी हिरवी फळे वेगळी काढून प्रत्येकावर वरवंट्याने हलकेच ठोका द्यावा, इतकाच की साल व गर फुटेल पण आतील बी फुटणार नाही. ही फळे लगेच पाण्यात टाकावीत, कारण फुटलेला गर हवेवर पाहता पाहता तपकिरी पडतो. पाणी रोज बदलावे. आठवडाभराने एक फळ चाखावे आणि कडवटपणा आपल्याला सोसेल इतका उतरेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. मग मिठाच्या पाण्यात थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून फळे त्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावीत.

उरलेली हिरवी फळे अख्खी ठेवून खारात मुरवावीत, आणि माझ्या मते खरी चव याच पद्धतीत उतरते. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम जाडे मीठ उकळून, गार करून, काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत फळांवर ओतावे. फळे तरंगू लागतात, म्हणून वर स्वच्छ बशी दडपून ठेवावी. पहिला आठवडा झाला की तो खार टाकून ताजा भरावा आणि पुढे महिन्यातून एकदा बदलावा. सुरुवातीला आंबताना वायू सुटतो, तेव्हा झाकण घट्ट लावू नये, दादरा बांधावा. तीन ते सहा महिने धरून चाला. भांडी बाजारात रुंद तोंडाची बरणी मिळाली तर तीच घ्या, कारण अरुंद तोंडातून बशी आत जात नाही आणि मग फळे वर येत राहतात.

मळेवाला_दिंडोरी: जांभळट-काळी फळे खारात घालू नका, ती मऊ पडतात. त्यांच्या निम्म्या वजनाचे जाडे मीठ घेऊन कापड अंथरलेल्या बांबूच्या टोपलीत फळे व मीठ यांचे थर द्यावेत आणि खाली परात ठेवावी, कारण काळसर कडू पाणी सतत गळत राहते. दोन-तीन दिवसांनी फळे खालीवर करावीत. पाच-सहा आठवड्यांत ती मनुकांसारखी सुरकुततात. मग मीठ झटकून फ्रिजमध्ये ठेवावीत.

थोडे विषयाला लागून सांगतो. राजस्थानात 2007 साली सरकारी सहभागातून ऑलिव्ह लागवडीची कंपनी स्थापन झाली आणि इस्राएलहून रोपे आणली गेली, म्हणून बिकानेरकडचे फळ खरे ऑलिव्ह असणार हे पटते. इतर वाचकांनी मात्र एक काळजी घ्यावी. बंगाल-आसामकडील जलपाईलाही ऑलिव्हच म्हणतात, पण ते फळ आंबट असते आणि त्याची बी खडबडीत असते. तसे फळ हाती आले तर काकूंचा मोहरी-हळदीचा सल्लाच योग्य ठरेल.

गंगापूररोडकर: दोघांचेही मनापासून आभार. दोन शंका उरतात. खारावर पांढरा पापुद्रा आला तर सर्व फेकून द्यावे का? आणि व्हिडिओतील सोड्यात नेमका धोका कोणता?

दादरा_बांधा: पातळ पांढरा पापुद्रा बहुधा यीस्टचा असतो, तो काढून टाकावा आणि फळे पुन्हा खाराखाली दडपावीत. हिरवी-काळी केसाळ बुरशी, बुळबुळीत झालेली फळे किंवा कुजका वास असेल, तर मोह न धरता सगळे टाकून द्यावे, चाखून खात्री करण्याच्या भानगडीत पडू नये.

कारखान्यांत सोड्याच्या सौम्य द्रावणाने काही तासांत कडवटपणा काढतात आणि नंतर फळे पुन्हा पुन्हा धुतात, तेव्हा पद्धत खोटी नाही. परंतु नळ साफ करण्यासाठी मिळणारी पावडर खाद्य दर्जाची नसते, सोडा त्वचा व डोळे भाजतो आणि ॲल्युमिनियमची भांडी खातो. लहान मुले असलेल्या स्वयंपाकघरात एवढ्या घाईचे कारण मला दिसत नाही.

खरा धोका लोकांना भलतीकडेच वाटतो. मुरलेल्या फळांत लसूण घालून तेलाने भरलेली बाटली ओट्यावर ठेवणे अधिक घातक, कारण हवा न लागणाऱ्या, आंबटपणा कमी असलेल्या जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात आणि त्याचा वास येईलच असे नाही. लसूण-तेल लावायचे असेल तर वाटीभर फळांना लावून फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. बरणी घरातील गार, अंधाऱ्या कोपऱ्यात राहू द्यावी. नाशिकची थंडी तिला मानवते, पण मार्चमध्ये ऊन तापू लागले की तिची जागा फ्रिजमध्येच.