मदत हवी आहे: क्लस्टरचे दोन नोड बूट होताच एकमेकांना पाडतात

नमस्कार मंडळी. पेसमेकर-कोरोसिंकचा (एक मशीन पडलं की काम दुसऱ्यावर हलवणारी सॉफ्टवेअरं) दोन नोडचा, म्हणजे दोन सर्व्हरचा, क्लस्टर आहे, शेअर्ड डिस्कवर पोस्टग्रेस डेटाबेस. फेन्सिंग (न दिसणाऱ्या नोडला जबरदस्तीने बंद किंवा रीबूट करणं) आयपीएमआयने, म्हणजे मशीनची पॉवर दुरून हाताळायच्या सोयीने, त्यासाठी वेगळं कार्ड, वेगळा स्विच. एरवी सगळं ठीक. पण 'अ' रीबूट केला की तो उठतो आणि चांगल्या चालत्या 'ब'ला रीबूट करतो. मग 'ब' उठून 'अ'ला पाडतो. शनिवारी रात्री अशा पाच फेऱ्या झाल्या. शेवटी एकाची पॉवर केबल काढली.

गंमत म्हणजे ऑटोस्टार्ट बंद करून, बूटनंतर पाच मिनिटांनी हाताने क्लस्टर चालू केला तर दोघं गुण्यागोविंदाने नांदतात. फायरवॉलमध्ये यूडीपी ५४०५ उघडा आहे. स्टोनिथ (म्हणजे हेच फेन्सिंग) बंद करू का?

प्रतिसाद १
अजिबात नको! डिस्क दोन्हीकडे एकदम माउंट होऊन डेटा बिघडला तर हे रीबूट बरे होते म्हणाल.

पाच मिनिटांची गोष्ट बोलकी आहे. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय) असणार. लिंक आली तरी पोर्ट १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग कुठे ट्रॅफिक सोडतो. पेसमेकर मात्र डीसी-डेडटाइमचे (दुसऱ्या नोडची वाट बघायची मुदत) २० सेकंद थांबून स्वतःच डीसी, म्हणजे क्लस्टरचे निर्णय घेणारा नोड, होतो आणि न दिसणाऱ्या नोडला, न जाणो चालू असेल म्हणून, आधी झोपवतो. बूट होताना दुसऱ्या मशीनवरून पिंग लावून बघा.

तरी एक कळेना. कोरोसिंकमध्ये टू_नोड: १ असेल तर वेट_फॉर_ऑल (सुरुवातीला सगळे नोड दिसेपर्यंत थांबा) आपोआप लागतं, मग एकट्या 'अ'ला क्वोरम, म्हणजे निर्णय घ्यायला पुरेशी मतं, मिळालाच कसा? कोरोसिंकची कॉन्फ (कॉन्फिगरेशन फाइल) इथे टाका.

धागाकर्ता
पिंग ३० सेकंदांनीच सुरू होतं. आणि कॉन्फमध्ये वेट_फॉर_ऑल: ० सापडलं. पाप माझंच. मागे 'ब'चा मदरबोर्ड गेला तेव्हा 'अ' एकटा उठेना, रात्री दोनला ही ओळ घातली आणि विसरलो.

प्रतिसाद १
ती ओळ काढा. पुन्हा एकटा उठवायची वेळ आली तर 'पीसीएस क्वोरम अनब्लॉक' ही कमांड आहे (ती वाट बघणं थांबवते), पण दुसरा खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघून. नेटवर्कवाल्यांकडून त्या दोन पोर्टांवर पोर्टफास्ट (लिंक येताच पोर्ट ट्रॅफिक सोडतो ती सेटिंग) लावून घ्या. कोरोसिंक ३ असेल तर फेन्सिंगच्या कार्डावरून दुसरी लिंकही द्या. कोणी पीसीएमके_डिले_बेस (फेन्सिंगआधी थोडं थांबायची सेटिंग) सुचवेल. दोघं नोड एकाच क्षणी एकमेकांवर गोळी झाडतात त्यासाठी ती आहे, इथे उपयोग नाही.

धागाकर्ता
पोर्टफास्ट लागलं, पिंग आता लगेच येतं. ओळ काढायला क्लस्टर बंद करावा लागेल, रविवारची वेळ मागितली आहे. तोवर ऑटोस्टार्ट बंदच.