मोबाइलमधलं अंग आणि वावरातलं अंग : तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणींनो, टीव्ही, जाहिराती आणि रील पाहून स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटायला लागलं, हे खेड्यात राहणाऱ्या, वावरात जाणाऱ्या बायांनी स्वतः सांगावं म्हणून हा धागा. चंद्रपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उन्हात राबणाऱ्या बाईला गोऱ्या रंगाचं माप लावणं मला अन्यायाचं वाटतं. तरी ते माप घराघरात आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली, २०२० मध्ये तिची 'ग्लो अँड लव्हली' झाली. आमच्या किराणा दुकानात बाया अजून जुन्याच नावानं मागतात.

सुरुवात मी करते. वाशीम जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मुली सकाळच्या एसटीनं येतात आणि डबा तसाच परत नेतात. एकीला विचारलं, तर तिनं मोबाइलमधली एक कंबर दाखवली. "मॅडम, अशी पाहिजे." आयर्नची निळी गोळी दिली की "हिच्यानं अंग सुटते" म्हणून ती दप्तरात जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय निघाला. ज्यांना दोन घास जास्त हवेत त्याच पोरी उपाशी राहतात, याचा मला फार राग येतो.

शिवणकाम करणारी, अमरावती जिल्हा
माझ्या लहान बहिणीचं लग्न जमत नव्हतं. रंग सावळा, बाकी काही नाही. तालुक्याच्या एका पार्लरमधून तिनं बिननावाची डबी आणली. रीलमध्ये दाखवतात तसा चेहरा उजळला, घरचे सगळे खूश. मलाही हेवा वाटला. पुढं उन्हात गेली की गाल लालबुंद, आग आग. मग पुटकुळ्या, हनुवटीवर केस. क्रीम बंद केली तर आणखी भडकलं, म्हणून ती पुन्हा लावायची. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, यात स्टेरॉइड आहे, कातडी पातळ झाली, एकदम बंद करू नका, मी सांगतो तसं कमी करा. लग्न झालं, पण अजूनही ती तोंडाला ओढणी गुंडाळूनच वावरात जाते. तिच्या नवऱ्यानं रंगाबद्दल एक शब्द काढलेला नाही.

धागा सुरू करणारी, वाशीम जिल्हा
ताई, हे लिहिलंत फार बरं केलं. अशा बिननावाच्या क्रीममध्ये पाराही निघतो. तो कातडीतून अंगात जातो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. सौंदर्यप्रसाधनात पारा मिसळायला आपल्या कायद्यात मनाई आहे. डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, घटक नसतील तर हातही लावू नका.

आजी, यवतमाळ जिल्हा (नातवाकडून लिहून घेतलं)
माह्या येळी अंगानं भरली सून पायजे म्हणत. वाळली पोरगी पाह्यली का सासू म्हणे, हे वावरात का टिकंल? आता माह्या नातीले पाह्याले आले त थे म्हणते, पोरगी जाड हाय. निंदन, वेचा, समदं करते थे पोट्टी. मंग कोनतं अंग बराबर, थे तरी सांगा.

नुकतीच बाळंत झालेली, वर्धा जिल्हा
नट्या बाळंतपणानंतर लगेच सपाट पोट दाखवतात. मी भाकरी अर्धी केली, डिंकाचे लाडू जावेला देऊन टाकले. दूध कमी पडायला लागलं तेव्हा आशाताई रागावल्या. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या नट्यांकडं स्वयंपाकाला बाई, पोर सांभाळायला बाई. मी सव्वा महिना संपताच चुलीपुढं.

पदवीधर, गोंदिया जिल्हा
बायोडाट्याचा फोटो स्टुडिओवाल्यानं न विचारता गोरा केला, नाकही बारीक केलं. पाहुणे घरी आल्यावर म्हणाले, फोटोतली मुलगी कुठं आहे? मी समोरच बसले होते.

धागा सुरू करणारी, वाशीम जिल्हा
हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी, बुलडाणा जिल्हा
मोबाइलनं माझं भलंही केलं. भरती झालेल्या मुलींचे व्हिडिओ पाहूनच मी ८०० मीटर धावायला आणि गोळाफेक शिकले. मांड्या भरल्या, खांदे रुंद झाले, रंग रापला. मला माझं अंग आवडतं. मात्र स्थळ यायचं असलं की आई आदल्या रात्री बेसन-हळद घेऊन बसते आणि पहाटे ग्राउंडवर जाऊ देत नाही. "उन्हानं अजून काळी होशील." तिच्याशी भांडवत नाही, कारण तिच्या मनात माझ्या रंगाचा तिटकारा नाही, नकाराची धास्ती आहे. भरतीला लागणाऱ्या १५५ सेंटिमीटर उंचीत मी बसते. मैदानी चाचणीची तारीख लागली की त्या आठवड्यात कोणताही पाहुणा बोलवायचा नाही, एवढं मी बाबांकडून कबूल करून घेतलं आहे.