कात्री कुणी चालवली? (‘नाऊ अँड देन’ आणि मशीनला दिलेल्या शिव्या)

बी-साईड

परवा इथे ‘मेलेल्या गळ्यातलं गाणं’ असा मथळा देऊन एकाने बीटल्स या इंग्लिश बँडच्या, २०२३ मध्ये आलेल्या ‘नाऊ अँड देन’ या गाण्याचं श्राद्ध घातलं. म्हणणं असं की हा जॉन (लेनन, १९८० साली गेलेला) एआयने बनवलाय, गाणं बीटल्सचं नाहीच, आणि शब्द तर आठवीतल्या पोराने वहीच्या मागच्या पानावर खरडलेले. खाली ‘सहमत, सहमत’ची रांग. त्यातल्या किती जणांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं देव जाणे. चार मिनिटं आठ सेकंदांचं आहे, चहाला उकळी येईस्तोवर होतं ऐकून.

पहिला मुद्दा आधी निकालात काढतो. आवाज कुणीही ‘बनवलेला’ नाही. जॉनने १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर बसून कॅसेटवर गाऊन ठेवलं. १९९४ साली त्याची बायको योकोने ती कॅसेट बँडमधल्या पॉल मॅकार्टनीला दिली. त्यातली ‘फ्री ॲज अ बर्ड’ आणि ‘रिअल लव्ह’ उरलेल्या तिघांनी, म्हणजे पॉल, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार यांनी, पूर्ण केली. हे तिसरं १९९५ मध्ये हातात घेतलं आणि सोडलं, कारण आवाज पियानोखाली गाडला गेलेला आणि वर विजेची सतत घूंऽऽ. आता चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मंडळींनी ‘गेट बॅक’ माहितीपटासाठी तयार केलेल्या तंत्राने आवाज आणि पियानो वेगळे केले. तांदळातले खडे निवडले म्हणून भात नकली होतो का? २०२३ च्या जूनमध्ये पॉल बीबीसीवर ‘एआय’ हा शब्द बोलून बसला आणि लोकांनी तेवढाच धरून ठेवला. नंतर त्याने केलेला खुलासा वाचायला कुणाला वेळ आहे?

शब्द साधे आहेत, मान्य. कधीमधी तुझी आठवण येते, तू इथे असावंस वाटतं, एवढंच तो म्हणतो. पस्तिशी ओलांडलेला माणूस घरात एकटा बसून पुटपुटतो तेव्हा असंच पुटपुटतो. त्यात उपमा कुठून आणायच्या?

माझा राग भलत्याच गोष्टीवर आहे आणि त्याबद्दल तिकडे एकानेही ब्र काढला नाही. मूळ कॅसेटवर कडवं आणि धृपद यांच्या मधे एक तुकडा आहे. तुला गमवायचं नाहीये, तुला दुखवायचंही नाहीये, अशा अर्थाचा. सूर तिथे अंधाऱ्या जिन्यात पाय चुकावा तसा घसरतो. त्या कॅसेटची नकलेची नक्कल माझ्याकडे कित्येक वर्षांपासून आहे, गाणं मला आवडलं ते त्या तुकड्यासाठी. नव्या गाण्यात तो तुकडाच गायब! १९८० च्या मुलाखतीत ज्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की मी बायकांवर हात उचलायचो, त्या माणसाच्या तोंडचं ‘दुखवायचं नाहीये’ काढून टाकलं, तर मागे काय राहिलं? शुभेच्छापत्र. मशीनने नुसती घूं काढली. हा तुकडा एका जिवंत माणसाने काढला. शिव्या द्यायच्याच असतील तर पत्ता बरोबर लिहा.

तिरसट

तो धागा माझाच. ‘एकाने’ काय, नाव घ्यायला लाज वाटते का?

तुमचे खडे आणि तांदूळ ठीक. पण मागे जे ‘आऽऽ’ येतात ते कुठले, तेही सांगायचं होतंत. ‘एलिनॉर रिग्बी’, ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’ आणि ‘बिकॉज’ या बीटल्सच्याच जुन्या गाण्यांमधून कापून आणलेत. म्हणजे साठच्या दशकातल्या गळ्यांचे तुकडे, सत्तरच्या दशकातला जॉन, १९९५ ची जॉर्जची गिटार आणि ऐंशी पार केलेले दोन म्हातारे. व्हायोलिनवाल्यांना तर हे बीटल्सचं गाणं आहे हेही सांगितलं नव्हतं. याला गाणं म्हणायचं की गोधडी?

आणि तुमचा तो लाडका तुकडा! अर्धाअधिक नुसतं हम्म-हम्म आहे हो. जॉनने शब्दच लिहिले नव्हते. जे लिहिलंच नाही ते कापलं म्हणून गळा काढताय. यजमान मेलाय, पंगत त्याच्या नावाने, आणि तुम्ही भांडताय की आमटी का वाढली नाही.

सांगलीकर

गोधडीला शिवी म्हणून वापरणाऱ्यांचा निषेध. आमच्या आईने शिवलेली वाकळ अजून अंगावर आहे, त्यात आजोबांचं धोतर आहे आणि माझा शाळेचा शर्ट. तिरसटराव, तुम्ही ब्लँकेटच घ्या.

बाकी गाणं ऐकलं नाही अजून. चालू द्या.

जॉर्जचा_माणूस

सगळीकडे आपलं जॉन-पॉल, जॉन-पॉल. १९९५ मध्ये त्या खोलीत अजून एक माणूस होता. त्याला हे गाणं पसंत नव्हतं, असं खुद्द पॉलने सांगितलंय. एक नको म्हणाला, काम थांबलं. २००१ मध्ये जॉर्ज गेला, आणि बघा, नकार पण त्याच्याबरोबर गेला! वरून पॉल त्याच्या ढंगात स्लाइड गिटार वाजवतो आणि म्हणतो ही जॉर्जला मानवंदना. हयातीत काय मान दिला होता? १९६२ पासून सिंगल निघत होत्या, पण जॉर्जचं पहिलं गाणं सिंगलवर आलं १९६८ मध्ये, तेही ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला. ‘द इनर लाइट’. त्याचं वादन लंडनला नाही, आपल्या मुंबईत झालं, एचएमव्हीच्या स्टुडिओत, जानेवारीत. बासरी हरिप्रसाद चौरसियांची. शब्दांवरच बोलायचंय ना? ते शब्द ताओ ते चिंग या जुन्या चिनी ग्रंथातून आलेत. धागाकर्ता स्वतःला ‘बी-साईड’ म्हणवतो आणि या बी-साईडबद्दल अवाक्षर नाही.

बी-साईड

@जॉर्जचा_माणूस, जॉर्जची बायको ऑलिव्हिया आणि मुलगा धनी दोघांनीही संमती दिलीय. कुटुंबाला न विचारता काही झालेलं नाही.

@तिरसट, हम्म-हम्म कडव्यातही होतं थोडंफार. तिथे बरं जुळवून घेतलं. मग इथेच कात्री का?

जॉर्जचा_माणूस

वारसांची सही म्हणजे गेलेल्या माणसाचं मत, हे तुम्ही मला सांगू नका. आजोबा ‘ही विहिरीकडची पट्टी विकायची नाही’ असं आयुष्यभर सांगत गेले. तेराव्यानंतर दोन महिन्यांत तिघा चुलत्यांनी सह्या केल्या, सगळं कायदेशीर, सातबारा स्वच्छ. आज तिथे मंगल कार्यालय आहे. कायदेशीर होतंच हो. आजोबांना विचारलं होतं का, एवढंच विचारतोय.

मर्सीकाठी

बीटल्सच्या गावापासून, लिव्हरपूलपासून, वीस मिनिटांवर राहतो. गुरुवारी दुपारी दोनला गाणं लागलं तेव्हा कामावरच्या कॅन्टीनमध्ये होतो. वाढणारी बाई साठीची, एरवी कुणाकडे हसून बघत नाही. पळी हातात तशीच, डोळ्यांतून घळाघळा पाणी. रांगेतला एकही माणूस ‘लवकर करा’ म्हणाला नाही. इथल्या माणसांना हे बरोबर कळलंय, गाणं पॉलसाठी आहे. अमेरिकन गायक कार्ल पर्किन्स सांगायचा तो किस्सा माहीत असेलच. १९८१ मध्ये त्याने पॉलला आपलं एक नवं गाणं ऐकवलं, त्यात जुन्या मित्राने कधीमधी आठवण काढावी अशी ओळ होती. पॉल रडत बाहेर निघून गेला. पॉलची बायको लिंडाने मग सांगितलं की जॉन त्याला शेवटचं नेमकं हेच बोलला होता.

तिरसट

सांगणारा पर्किन्स, आणि त्याला सांगणारी लिंडा. आमच्याकडे याला ‘काकूने सांगितलं’ म्हणतात. घरात योको, मांडीवर दोन वर्षांचं पोर, आणि हा पियानोवर बसून पॉलला आळवतोय? कॅन्टीनवाल्या बाईंबद्दल आदर आहे, पण रडू हा पुरावा नाही. मी मालिका बघूनही रडतो.

ओवी_दळण

मी गाण्याबद्दल फार जाणत नाही, मुलगा ऐकत होता म्हणून ऐकलं. पण खडे निवडण्याचा जो दाखला दिलाय त्यावर बोलायचंय.

माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणायची. ८८-८९ साली मामाने टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एक बाजू भरून घेतली. आजी गेली, कॅसेट राहिली. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही ती एका स्टुडिओत ‘साफ करून’ आणली. घरी येऊन लावली, सगळे गोळा झाले. आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द कळतोय. आणि जातं नाही. संपूर्ण घरघर त्यांनी खरखर समजून काढून टाकली. आजी हवेत गातेय. ती ओवीच्या मधे थांबायची ना, ती खुंटा ओढायला थांबायची. आता ते ऐकताना वाटतं की म्हातारी विसरतेय. आई तिथून उठून आत गेली, परत ती सीडी कुणी लावली नाही.

म्हणून विचारते, त्या माणसाचा पियानो ‘वेगळा केला’ म्हणता, तो कुठे गेला?

खरखर

ताई, हेच काम करतो म्हणून लिहितो. तुमच्याकडे जे झालं ते जुन्या पद्धतीने झालं असणार. त्यात टेपवरचा एक कोरा क्षण पकडतात, त्यात जो एकसुरी आवाज असेल तो सगळीकडून वजा करतात. जातं एकसुरी, गेलं. जॅक्सनच्या लोकांचं तंत्र उलट आहे. माणसाचा गळा कसा असतो, पियानो कसा असतो हे त्याला शिकवलेलं असतं, मग ते एकेक उचलून बाजूला ठेवतं. २०२२ मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचं नवं मिश्रण आलं तेही असंच. फेकत काहीच नाही. काय परत घालायचं ते माणूस ठरवतो.

ओवी_दळण

म्हणजे ज्या माणसाने ठरवलं त्याला जातं माहीत नव्हतं.

तिरसट

बघा. ताईंनी चार ओळींत सांगितलं ते मी कालपासून सांगतोय. जॉनचा घरचा पियानो कुठाय? पॉलने स्वतः नव्याने वाजवला. जातं बदलून मिक्सर लावला आणि वर म्हणतात पीठ तेच!

बी-साईड

तुम्ही कालपासून ‘मशीन, मशीन’ करताय, ताई माणसाबद्दल बोलतायत. हा मुद्दा माझा आहे. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायची सवय जुनी दिसते.

तिरसट

आणि तुमची सवय? इंटरनेटवरून चोरीची नक्कल उतरवून ‘मूळ कॅसेट’च्या गप्पा मारायच्या. जॉनने ती जगाला ऐकवायला भरली होती का? तुम्ही कोण कानोसा घेणारे? पॉल निदान मित्र होता.

सांगलीकर

शेंगदाणे घेऊन बसलोय. आता गाणं ऐकावंच लागणार.

खरखर

भांडणात एक गोष्ट राहतेय. जॉन आणि पॉल एकमेकांच्या गाण्यांना कात्री लावतच मोठे झाले. ‘अ डे इन द लाइफ’च्या मधला तुकडा पॉलचा, ‘वी कॅन वर्क इट आउट’मधला जॉनचा. दोघांनी कधी एकमेकांचा माल जसाच्या तसा सोडला? १९७७ मध्ये जॉन हे गाणं घेऊन पॉलकडे गेला असता तर पहिला तोच तुकडा उडाला असता, लिहून देतो. सूर तिथे भरकटतो, बी-साईड त्याला ‘जिना’ म्हणोत.

बी-साईड

उडाला असता, पण जॉनने आधी तासभर शिव्या घातल्या असत्या आणि पुढच्या तुकड्यासाठी हट्ट धरला असता. आता शिव्या घालायला समोर कुणी नाही. एकतर्फी कात्रीला मी भागीदारी म्हणत नाही.

तरी काल रात्री दोन्ही पाठोपाठ ऐकली. तुकड्याशिवाय गाणं जास्त नीट चालतं, हे कबूल करायला जिवावर येतंय. नीट चालतं म्हणूनच आवडत नाही.

तिरसट

वा, अर्धा शहाणपणा आला. माझ्याकडूनही अर्धा घ्या: आवाज खरा आहे. पहिल्या ओळीला हेडफोन लावून ऐकलं, इतका जवळून जॉन मी तरी ऐकला नव्हता. मथळा बदलणार नाही.

मर्सीकाठी

ताजी बातमी: इथे ब्रिटनमध्ये सिंगलच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६९ च्या ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’नंतर ५४ वर्षांनी. ‘लव्ह मी डू’ दुसऱ्या बाजूला आहे, म्हणजे पहिली आणि शेवटची सिंगल एकाच तबकडीवर.

तिरसट

पहिल्या क्रमांकावर तर काय काय गेलेलं आहे.

सांगलीकर

ऐकलं. बरंय. फार रडकं नाही, फार भारीही नाही. वाकळीची बाजू घेतली होती म्हणून दोनदा ऐकलं.

खरखर

@ओवी_दळण, ती मूळ कॅसेट आहे का अजून? सीडी नको, कॅसेट.

ओवी_दळण

मामाकडे आहे, फडताळात. लेबल गळून पडलंय. करून द्याल? पण जातं ठेवाल ना?

खरखर

जातं ठेवतो, पैसेही नकोत. फक्त लागते का बघायला म्हणून जुन्या टेपवर लावू नका. आतला स्पंजचा तुकडा सुटला असेल तर पट्टी गुंडाळून तुटते. हाताने फिरवायचीही नाही. आहे तशी डब्यात घालून द्या, मामांना सांगा की फ्रीजवर ठेवू नका.

जॉर्जचा_माणूस

‘द इनर लाइट’ कुणीच ऐकलेलं दिसत नाही.