मुन्शी फाजिल मास्तर आणि फाजील पोरं

नांदेडहून :
नमस्कार मंडळी. माझे आजोबा निजामाच्या राज्यात फौकानिया शाळेत शिकले. त्यांच्या आठवणींच्या वहीत एक वाक्य आहे : ‘आमचे मौलवीसाहेब मुन्शी फाजिल होते आणि आमची जमात सगळी फाजील होती, त्यामुळे तास रंगायचा.’ आमच्या घरात ‘फाजील’ म्हणजे लाडावलेला, तोंड चालवणारा. ‘लई फाजील झालंय लेकरू’ असं आजी म्हणायची. मग तो शब्द मौलवीसाहेबांच्या पदवीत कसा? शब्द एकच आहे की दोन वेगळे? आणि इथं ‘जमात’ का म्हटलंय?

बीडहून :
ताई, शब्द एकच आहे. अरबीतून आलेला, अर्थ ‘विद्वान’. मराठीनं तो टोमणा म्हणून वापरला आणि पुढं नुसता टोमणाच उरला. ‘शहाणा’चं बघा ना, ‘फार शहाणा आहेस’ म्हटलं की कौतुक राहत नाही. विद्वानाचा वात्रट झाला, म्हणजे अर्थाची घसरणच.

परभणीहून :
शब्द एकच आहे हे सरांचं म्हणणं बरोबर, पण घसरण मला अजिबात पटत नाही. मराठी ‘फाजील’ हा मूळ अर्थाच्या फार जवळ राहिलेला शब्द आहे आणि त्याला बिघडलेला म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

ज्या अरबी धातूपासून तो आला त्याचा अर्थच ‘उरणे, जास्त असणे, वर असणे’ असा आहे. त्यातून दोन वाटा फुटल्या. गुणांनी, विद्येनं जो इतरांच्या वर तो फाजिल म्हणजे विद्वान. आणि गरजेच्या वर जे उरलं तेही फाजिल. उर्दूत आजही दोन्ही अर्थ आहेत, जास्तीच्या रकमेला ‘फाजिल रकम’ म्हणतात. ‘फिजूलखर्ची’तला ‘फिजूल’ याच धातूचा, आणि शाळेत इतिहासाच्या तासाला आपण सगळ्यांनी ऐकलेलं ‘अफजल’ हे नावसुद्धा. त्याचा अर्थ ‘अधिक श्रेष्ठ’.

मराठीत हा शब्द मदरशातून आला नाही, दप्तरातून आला. बाकी, वजा, जमा, खर्च, शिल्लक ही सगळी मंडळी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं. ठरल्या आकड्याच्या वर गेलं ते फाजील. म्हणून आपण ‘फाजील लाड’, ‘फाजील उत्साह’, ‘फाजील आत्मविश्वास’ म्हणतो. आता यात विद्वान कुठं बसवायचा? टोमण्यातून अर्थ आला असता तर ‘फाजील लाड’ हा प्रयोग झालाच नसता. लाड मापाबाहेर गेले, एवढंच तो सांगतो. फाजील पोर म्हणजे ज्याचं बोलणं, वागणं मापाबाहेर गेलं ते पोर. शिवाय ‘शहाणा’ आपण मनापासूनही म्हणतो, ‘शहाणं माझं बाळ ते’. ‘फाजील’ मराठीत कौतुकानं कुणी म्हणत नाही. टोमण्याला आधी कौतुक लागतं, ते इथं नव्हतंच.

आता ताईंच्या आजोबांचं वाक्य. ते माझ्या मते फार सुंदर आहे, कारण त्या वर्गांमधला बराचसा हशा याच जातीचा होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या कारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. त्यामुळे घरी मराठी बोलणाऱ्या मुलानं वरच्या वर्गात भूगोल, गणित, विज्ञान सगळं उर्दूतून शिकायचं. शाळांच्या पायऱ्यांची नावंही तशीच : तहतानिया म्हणजे खालची, वस्तानिया म्हणजे मधली, फौकानिया म्हणजे वरची. आमचे आजोबा ‘फोकानिया’ म्हणत आणि निर्गुडीच्या फोकाशी त्याचा संबंध जोडत. हातावर वळ उठलेल्या मुलांनी ते नाव ठेवलं असेल तर ते त्यांनी कमावलेलं होतं.

पण खरी गंमत शिवीगाळीत किंवा टोपणनावांत नव्हती. मुलाच्या कानात तोच शब्द आधीपासून दुसऱ्या अर्थानं बसलेला असे. ‘जमात’ घ्या. उर्दूत इयत्तेला, वर्गाला जमात म्हणतात, म्हणून ताईंच्या आजोबांनी ‘आमची जमात’ लिहिलं. मराठीत जमात म्हणजे जात, समुदाय. आमच्याकडे सांगितला जाणारा किस्सा असा : शिक्षण खात्याचे मोहतमीम तपासणीला आले. त्यांनी खेड्यातून नव्यानं आलेल्या पोराला विचारलं, ‘कौनसी जमात?’ पोरगं ताठ उभं राहून म्हणालं, ‘वाणी, साहेब.’ साहेबांनी सबुरीनं पुढचा प्रश्न केला, ‘तालीम कहाँ तक हुई?’ तर उत्तर आलं, ‘आमच्या गावात तालीमच नाही, कुस्ती नदीच्या वाळूत खेळतो.’ तालीम म्हणजे शिक्षण, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगताना आजोबा त्या पोराला हसत नसत. ते म्हणत, ‘त्यानं दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं दिली.’

‘कायदा’ही तसाच. उर्दूच्या पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणत. ‘कायदा घरी राहिला’ हे वाक्य शाळेत रोजचं, कचेरीत मात्र अनर्थाचं. ‘तारीख’ म्हणजे उर्दूत इतिहाससुद्धा. ‘उद्या तारीखचा इम्तिहान’ असं कळलं की नव्या मुलाला वाटे, पंचांग पाठ करायचंय. त्यात शाळेच्या दाखल्यावरची तारीख ‘फसली’ सनाची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली कालगणनेची. आजर, दै, बहमन असे महिने. सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. जुने दाखले वाचताना हे लक्षात ठेवा, पुष्कळांच्या जन्मसालाचा घोळ इथंच होतो.

गणितात जमा, तफरीक, जरब, तकसीम. आपल्याकडे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. यातले ‘बेरीज’ आणि ‘वजाबाकी’ हे आपलेही शब्द फारसी दप्तरातूनच आलेत, पण मुलांना ते आपले वाटत. परके वाटत ते तफरीक आणि तकसीम. ‘जरब’ मात्र ओळखीचा, आणि नको तिथं ओळखीचा. ‘सात को आठ से जरब दो’ म्हणजे सातला आठनं गुण. मराठीत जरब म्हणजे धाक. मूळ अर्थ आघात, मार. त्यातूनच गुणाकार, त्यातूनच नाण्यावर ठसा मारणं, आणि मराठीत त्या माराची भीती तेवढी राहिली. खिशातल्या हाली सिक्क्यावर, म्हणजे निजामाच्या नाण्यावर, ‘जर्ब फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ अशी अक्षरं असत, तिथला जर्ब म्हणजे टांकसाळीतला ठसा. एका शब्दाचं इतकं रूप एका दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यायचं : फळ्यावर, छडीत आणि खिशात.

विज्ञानाच्या तासाला कीमिया म्हणजे रसायनशास्त्र, तबियात म्हणजे पदार्थविज्ञान. आपल्याला किमया आणि तब्येत ठाऊक. रियाजी म्हणजे गणित, आपला रियाज गवयाचा. मला या जोड्यांचं फार मोल वाटतं. वरवर परक्या वाटणाऱ्या त्या शाळेत मराठी मूल पूर्ण परकं कधीच नव्हतं, त्याच्या बोलीत ते शब्द आधीच घर करून बसलेले होते. हसू येत होतं ते त्या ओळखीमुळेच. अनोळखी शब्दाला कुणी हसत नाही.

मुन्शी फाजिलविषयी एवढंच की ती फारसीची वरची परीक्षा. लाहोरच्या पंजाब विद्यापीठाच्या मुन्शी फाजिल, मौलवी फाजिल या परीक्षा देशभर मान्य होत्या, आणि ती पदवी नावामागे लावणं प्रतिष्ठेचं होतं. आता मराठी मुलांच्या वर्गात असे शिक्षक आले की काय होत असेल ते वहीतल्या वाक्यात आहेच.

लातूरहून :
काका, वाचून आनंद झाला. आमच्या आज्जी शाळेत गेल्या नाहीत, पण आजोबांच्या तोंडचे शब्द त्यांच्याकडे होते. त्यातला एक ‘नादार’. ‘आम्ही नादार होतो, म्हणून शिकलो’ असं आजोबा म्हणत. दुसरं, फाजील आणि फजिती एकाच कुळातले का? आणि ‘आगाऊ’, ‘वात्रट’, ‘चावट’ हे सगळे फाजीलच का?

परभणीहून :
फजितीचं कूळ वेगळं. ती ‘फजीहत’वरून आली, अर्थ बेअब्रू, उघडं पडणं. ध्वनी जवळचे म्हणून नातं वाटतं, पण धातू दुसरा आहे.

नादार म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. फी माफ झालेला विद्यार्थी नादार, आणि ती सवलत नादारी. हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या शाळांतही चालत असे, पण मराठवाड्यात तो जास्त बोचरा असणार, कारण उर्दूत तो रोजच्या बोलण्यात ‘कंगाल’ या अर्थी येतो. जिल्ह्याच्या गावी शिकायला आलेली खेड्यांतली मुलं फी नादारीवर आणि जेवण वारावर काढत. वार लावून जेवणं म्हणजे सात दिवस सात घरी पान. अशा मुलाला ‘आज कुणाचा वार?’ म्हणून चिडवायचे, आणि तोच मुलगा दुसऱ्या दिवशी त्या चिडवणाऱ्याच्या ओट्यावर जेवायला बसलेला असायचा, कारण मंगळवार त्या घरचा. ‘आम्ही नादार होतो, म्हणून शिकलो’ हे तुमच्या आजोबांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. नादारी नसती तर शाळा सुटली असती, असा त्याचा सरळ अर्थ आहे, आणि तो शब्द त्यांनी मान खाली न घालता वापरला.

आता आगाऊ, वात्रट वगैरे. मला यांत फरक दिसतो आणि तो जपावा असं वाटतं. आगाऊ म्हणजे वेळेआधी. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना. मास्तरांनी विचारण्याआधी जो उत्तर फेकतो, मोठ्यांच्या बोलण्यात जो पुढं घुसतो, तो आगाऊ. त्याचा दोष क्रमाचा. फाजीलाचा दोष मापाचा : त्याला विचारलेलं असतं, पण तो विचारल्याच्या वर बोलतो. ‘दीडशहाणा’ही त्याच पंगतीतला, पावकी-निमकी-दिडकीच्या पाढ्यांत वाढलेल्या लोकांनी केलेला शब्द. एकपट शहाणपण पुरे असताना अर्धं जास्त. गंमत पाहा, आगाऊ, फाजील, जादा, दीड हे सगळे जमाखर्चातले शब्द. मराठी माणसानं पोराची वागणूक वहीतल्या आकड्यांसारखी मोजली.

वात्रट वेगळा. तो खोड्या काढतो, बोलण्यात तिरकस असतो, पण मापात राहू शकतो. चावट शब्दाला आज शृंगाराची छटा आहे, तो शाळेतल्या लहान मुलाला लावू नये. व्रात्य हा जुना वैदिक शब्द, संस्कार न झालेल्याला म्हणत. आता नुसता खोडकर या अर्थी उरलाय. खरं तर अर्थाची घसरण दाखवायची असेल तर बीडच्या सरांनी याचं उदाहरण घ्यावं.

बीडहून :
‘फाजील लाड’चा मुद्दा मान्य. तो माझ्या ध्यानात आला नव्हता. दोन शंका राहतात. लिहायचं फाजिल की फाजील? आणि त्याच काळात मराठीतून शिकवणाऱ्या खासगी शाळाही होत्या ना? औरंगाबादचं सरस्वती भुवन १९१५ चं, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, जिथं पुढं स्वामी रामानंद तीर्थ शिकवायला होते. तिथल्या मुलांना हे विनोद कळले असतील का?

परभणीहून :
कळले असणारच. शाळा मराठी असली तरी तहसील, पोलीस, कोर्ट, स्टेशन सगळं उर्दूत. बापाच्या जमिनीच्या कामाला कचेरीत गेलेलं पोर ते शब्द तिथंच ऐकत होतं. फक्त तिथं हसायची सोय नव्हती. वर्गात ती होती.

लेखनाचं असं : पदवीचं नाव लिहिताना ‘मुन्शी फाजिल’, ऱ्हस्व, मुळाप्रमाणे. मराठी विशेषण म्हणून ‘फाजील’, दीर्घ. मुश्कील, कातील, वकील यांच्यासारखं, शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीची वेलांटी आपण दीर्घ लिहितो, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून. उच्चारातही फरक आहे. उर्दूत तिथला ज हा दाताजवळचा, ‘जसा’मधल्यासारखा पण मऊ. मराठीत इ-ई पुढं असली की ज आपोआप तालव्य होतो, ‘जीव’मधला. म्हणून आपल्या मुलाला फाजिल उर्दू वळणानं म्हणता यायचा नाही आणि मौलवीसाहेब तो पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे.

हे विशेषण बदलत नाही : फाजील मुलगा, फाजील मुलगी, फाजील पोरं. ‘फाजीली’ असं रूप करू नये. भाववाचक नाम ‘फाजीलपणा’, आणि आमच्याकडे बायका सर्रास म्हणतात तो प्रयोगही नोंदवून ठेवा : ‘फाजीलपणा करू नको, सरळ सांग.’